दुष्ट सासूची बाजू

तंजावूरहून पापनाशमला जाणाऱ्या बसमध्ये मी मराठीत काहीतरी पुटपुटलो, तशा शेजारच्या बाई वळल्या. "मराठी की! कोठले तुम्ही?" त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचे होते. जाईच्या कळ्या गुंफताना त्या दोऱ्याकडे पाहतही नव्हत्या.

तिथे केबलवर तेव्हा मराठी वाहिनी नुकतीच आली होती. तिच्यावरच्या एका मालिकेचा रात्री पाहिलेला भाग बाई दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाहत. पहिल्यांदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा शब्दांसाठी.

"त्यातली सासू फारच दुष्ट आहे," मी म्हणालो.

त्यांचा हात थांबला. "असूं दे दुष्ट. तिचीं नातवंडें तिच्याशीं मराठींत भांडतात की! माझी ही पाहा."

खिडकीशी त्यांची आठेक वर्षांची मुलगी बसली होती. तिला मराठी सगळे कळे, पण उत्तर ती नेहमी तमिळमध्येच देई.

"आमचें बोलणें माझ्याबरोबर संपेल, हेंच भय," बाई म्हणाल्या.

मालिकांवरची मते मी पुष्कळ ऐकली होती. दुष्ट सासूचा हेवा करणारे हे पहिलेच.

पापनाशम आले. "ऊठ गे, पिशवी घे," बाई म्हणाल्या. मुलगी उठली, पण पिशवी न घेता कमरेवर हात ठेवून थेट त्या सासूच्या सुरात म्हणाली, "या घरात माझाच शब्द चालेल!"

बाईंनी अर्धवट गजरा तिच्या वेणीत माळला आणि पिशवी स्वतःच उचलली.

"चालूं दे गे बाई, तुझाच चालूं दे!"