ऑर्विल स्टेन्सरूडचं पडणं

ऑर्विल स्टेन्सरूडने जन्मभर शाळेची बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर पडायला सुरुवात केली. आयोवातल्या त्या विद्यापीठाच्या गावात पडण्याचंही काम मिळतं. परक्याच्या मदतीला माणूस का धावतो आणि धावताना त्याच्या शरीरात काय होतं, यावर डॉक्टर मिरियम टॅलबट यांचं संशोधन चालू होतं. ऑर्विलने वाचनालयाच्या पायऱ्यांवर पडायचं. जो उचलायला येईल त्याच्यापुढे खांबामागून एक विद्यार्थिनी उगवायची, "आ करा" म्हणायची आणि कापसाच्या काडीने त्याची लाळ टिपून घ्यायची. चांगुलपणा लाळेत उतरतो म्हणे. उतरत असेल बापडा.

बायको गेल्यापासून ऑर्विलला घर खायला उठायचं, त्यामुळे हे काम तो जीव ओतून करी. आधी छातीवर हात, मग गुडघे, मग लांबलचक "अरे देवा". आपल्यात एक नट वाया गेला, अशी त्याची खात्रीच झाली. पण गाव छोटं. पोस्टमनपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना भानगड कळली. डॉक्टरबाईंजवळ मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. आयोवाची माणसं भिडस्त, आणि संशोधनात आपण चांगले दिसतोय तर ते कशाला बिघडवा?

जानेवारीत एका सकाळी ऑर्विल पुस्तक परत करायला आला, बर्फावरून त्याचा पाय सटकला आणि तो खरोखर पडला. खुब्यात कडकन वाजलं.

माणसं धावली. कुणी अंगावर कोट घातला, पाद्रीबाबांनी प्रार्थना धरली, हार्डवेअरवाल्या ड्वेनने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग सगळे आ करून खांबाकडे बघत राहिले.

"फोन करा," ऑर्विल कण्हला. "खुबा मोडलाय."

"आज संवादही दिलेत वाटतं," ड्वेन पाद्रीबाबांना म्हणाला.

"अरे गाढवा, खरंच मोडलाय."

"रंगलाय हं आज," पाद्रीबाबा कौतुकाने म्हणाले.

पाठीखालचा बर्फ हाडांत शिरू लागला तसा ऑर्विल घाबरला. इतक्या मायेच्या माणसांत आपण गोठून मरणार, हे त्याला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात वाचनालयातून व्हर्ना ह्रुस्का बाहेर आली. जिभेला धार असलेली ही ग्रंथपाल त्याला उचलायला आजवर एकदाही फिरकली नव्हती, आणि ऑर्विलने तिला मनातल्या मनात दगड ठरवून टाकलं होतं. तिने वाकून त्याच्याकडे पाहिलं.

"ॲम्ब्युलन्स बोलवा. हा नाटक करत नाहीये."

"कशावरून?" ड्वेनने विचारलं.

"ऑर्विलला इतकं चांगलं पडता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती आलुबुखारं भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव घेऊन इस्पितळात आली. ऑर्विल फुगून बसला होता. खुब्यापेक्षा तिचं ते वाक्य जास्त दुखत होतं.

"चांगलं पडता येत नाही म्हणजे काय गं?"

"पडायच्या आधी तू चष्मा काढून खिशात ठेवतोस. काल तो फुटला."

"म्हणजे तू बघायचीस?"

"दर वेळी. खिडकीतून."

"आणि एकदाही उचलायला आली नाहीस?"

"तेव्हा तू पडला नव्हतास," व्हर्ना म्हणाली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली.