गेल्या सात दिवसांत काय घेतलं

तेजिरी पळताना दिसली की सापेले गावातली माणसं म्हणायची, "हिच्यामागे कुत्रं लागलंय वाटतं!" ते अगदीच खोटं नव्हतं. पोरगी भित्री होती. शर्यतीआधी एकदा उलटी झाल्याशिवाय तिचे पाय मोकळे होत नसत. पिस्तूल वाजायच्या आत पाय हलला तर बाहेर काढतील, या धास्तीने ती सगळ्यांच्या मागून उठायची आणि मग उरलेलं अंतर जीव मुठीत धरून कापायची. याच भीतीवर सव्विसाव्या वर्षापर्यंत तिने राज्याची, देशाची पदकं मिळवली. दोन उन्हाळे युरोपात बिदागीवर शर्यती पळून आली. पळणं हाच तिचा पोटाचा धंदा झाला होता.

आई बाळंतपणात गेली. तिला वाढवलं ओमामे मावशीने. मावशी मोटारतळाजवळ झाडपाल्याची औषधं विकायची. साली, मुळ्या ताडाच्या दारूत भिजवून बाटल्या भरायच्या. कंबर, गुडघा, ताप, मूल न होणं, सगळ्याला तिच्याकडे बाटली होती.

त्या वर्षी देशाच्या निवड स्पर्धेला दहा दिवस असताना सरावात तेजिरीची मांडी धरली. कोच मुदियागा म्हणाले, "आराम कर. बर्फ लाव. आणि दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नकोस."

"बर्फ?" मावशी हसली. "तू काय मासळी आहेस? इकडे ये."

तिने मांडी चोळून दिली आणि एक काळपट बाटली पुढे केली. शर्यत आठवड्यावर आल्यापासून तेजिरी सकाळ-संध्याकाळ एक पेला घेत राहिली. कोचांना तिने सांगितलं नाही. मावशीच्या हातचं म्हणजे दुसऱ्याच्या हातचं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुखणं पार गेलं.

शर्यत तिने जिंकली, आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या वेळेत. अजून धाप लागलेली असतानाच निळं जाकीट घातलेल्या एका बाईंनी तिच्या दंडाला हात लावला. "तुमची उत्तेजक चाचणी आहे. आता माझ्या नजरेसमोरून हलायचं नाही."

लघवीचा नमुना देऊन झाला. मग अर्ज पुढे आला. गेल्या सात दिवसांत कुठलं औषध, कुठला काढा घेतला? तेजिरीच्या डोळ्यांपुढे ती बाटली उभी राहिली. तिने लिहिलं, 'काही नाही.'

सापेलेला परतल्यावर लोकांनी तिला खांद्यावर घेतलं, आणि ती आतून गोठत गेली. फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. दारात अनोळखी मोटार थांबली की ती मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची. मावशीने केलेलं पामफळाचं कालवण समोर निवून जायचं, त्यावर तेलाची साय धरायची.

"जिंकून आलीस की कुणाला पुरून आलीस?" मावशी करवादली.

"मावशी, त्या बाटलीत काय असतं?"

"साल. आलं. मिरी. तीस वर्षांत माझ्या औषधाने कुणी मेलं नाही, कळलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजिरी न सांगता मोटारतळावर गेली. मावशी खलात काहीतरी कुटत होती. भुकटी पांढरीशुभ्र होती. तेजिरीला पाहताच मावशीचा हात थांबला.

"ही कसली साल?"

मावशीने खल बाजूला सारला. "बाटलीला दोनच गोळ्या टाकते गं. नुसत्या सालीने गुण यायला पंधरवडा लागतो. गिऱ्हाईक थांबतं होय?"

"कसल्या गोळ्या?"

"दुकानदार देतो, दुखण्यावरच्या. मला काय वाचता येतंय?"

तेजिरीने खलाशेजारचं गोळ्यांचं पाकीट उचललं आणि थेट कोचांचं घर गाठलं. दारातच गुडघे टेकून ती म्हणाली, "मिग्वो, कोच." मोठ्यांना करायचा तो नमस्कार. पण आशीर्वादाचा शब्द आलाच नाही, कारण कोचांनी तिच्या हातातलं पाकीट पाहिलं होतं. नाव वाचून ते खाली बसले.

"सूज उतरवायचं औषध आहे हे, स्टिरॉइड. शर्यतीच्या दिवशी अंगात सापडलं तर बंदी. अर्जावर लिहिलंस?"

"नाही."

"देवा रे! अगं, मग तर तू खोटंही बोललीस!"

"सापडलं नाही तर?"

"नसेलही सापडत. गप्प बसून बघायचं असेल तर बघ. पण सापडलं तर चार वर्षं गेली समज. आपणहून सांगितलंस तर थोडं कमी होईल, एवढंच."

तेजिरीची भीती आता दुहेरी झाली. सांगावं तर विचारणार, औषध दिलं कुणी? पोलीस मावशीला मोटारतळावरून सगळ्यांदेखत उचलून नेतील, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दोन दिवस ती कबुलीचा कागद घेऊन बसली आणि दोन दिवस तो फाडला.

तिसऱ्या दिवशी मावशीच समोर येऊन बसली. कोच तिला भेटून गेले होते. "लिही माझं नाव," ती म्हणाली. "पूर्ण लिही. आणि खाली माझा अंगठा घे."

"तुला नेतील, मावशी."

"नेऊ देत. तुला पाजलं मी, आणि मला लपवायचंही तूच?"

तिच्या अंगठ्याला शाई लावताना तेजिरीला तो हात गार लागला. मावशीही घाबरली होती, हे तिला तेव्हा कळलं.

कागद चाचणीवाल्यांकडे गेला. महिन्याभराने पत्र आलं. नमुन्यात औषध सापडलं होतं. आपणहून कबुली दिली, पाकीट हजर केलं, म्हणून चाराऐवजी दीड वर्ष बंदी. निवड स्पर्धेतली जीत रद्द, तिची जागा दुसरी आलेल्या मुलीला. खांद्यावर घेणारेच आता "गोळीबाई" म्हणून हाक मारू लागले. पण पत्र वाचून झालं तशी तेजिरी दारातल्या बाकावर आडवी झाली आणि भर दुपारी घोरू लागली. इतक्या आठवड्यांत तिला अशी झोप लागली नव्हती.

पोलीस काही आले नाहीत. मावशी मात्र स्वतःच उठली आणि बाटलीत गोळ्या होत्या हे सांगत गिऱ्हाइकांच्या दारोदार फिरली. कुणी शिव्या घातल्या, कुणी बाटल्या अंगणात ओतल्या. नदीवर होडी चालवणारा एक म्हातारा वर्षभर तिची बाटली घेत होता. त्या गोळ्यांनीच त्याचा चेहरा सुजून गोल झाला होता. त्याला तिने हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगाला सवय झालेलं हे औषध एकदम बंद केलं असतं तर म्हातारा गेला असता. हे ऐकून मावशी तिथल्याच पायरीवर मटकन बसली.

तेजिरी परतली ती अठ्ठाविसाव्या वर्षी. सगळं मैदान आपल्याकडेच बघतंय असं वाटून तिला दोनदा उलटी झाली. चौथी आली. ती जुनी वेळ तिला पुन्हा कधी साधली नाही. पण रिलेच्या संघात तिने जागा मिळवली, रौप्यपदक आणलं आणि तेहतिसाव्या वर्षापर्यंत पळाली. आता ती सापेलेतच मुलींना शिकवते. फोन वाजला की अजूनही दचकते. मावशी मैदानाच्या फाटकाशी संत्री सोलून विकते आणि कुणी औषध मागितलं, तर सुरीनेच दवाखान्याची वाट दाखवते.