थिओची खुर्ची

दक्षिण कोरियातल्या कुन्सान बंदराच्या त्या इंग्रजी बालवाडीत शिरताना रोशीन रोज दाराशेजारच्या कप्प्यात बूट काढून ठेवायची आणि बुटांबरोबर आपली कोरियन भाषाही. हा विनोद तिचाच. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका कोळ्यांच्या गावातून ती आली त्याला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात बाजारातल्या मासळीवाल्या आजीशी हुज्जत घालण्याइतकी ती तयार झाली होती. पण बालवाडीत फक्त इंग्रजी. परदेशी टीचरला आपली भाषा येते हे कळलं तर पोरं कशाला जीभ वळवतील, असं संचालिका प्यो बाईंचं म्हणणं. मूल चुकून कोरियन बोललं की टीचरनं ओठांवर बोट ठेवायचं आणि फळ्यावरच्या त्याच्या नावासमोरचा एक तारा काढून घ्यायचा. वर्गाच्या कोपऱ्यात कॅमेरा होता. खाली बैठकीत कॉफी पीत बसलेल्या मुलांच्या आयांना पडद्यावर सगळं दिसायचं, ऐकूही यायचं. रोशीनचा व्हिसा प्यो बाईंच्या सहीवर चालायचा, त्यामुळे तीन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती. खरं सांगायचं तर तिला त्याचा अभिमानही होता.

मुलांची नावंही दारातच बदलायची. आत आलं की कुणी आयव्ही, कुणी ऑस्कर. ही नावं मुलांपेक्षा चिवट. मूल शाळा सोडून गेलं तरी त्याचं नाव खुर्चीवर, कपावर, फळ्यावर तसंच राहायचं आणि पुढच्या मुलाला मिळायचं. "चांगलं नाव आहे, वाया कशाला घालवायचं?" बाई म्हणायच्या. पहिल्या वर्षी रोशीनला ते गेलेल्या माणसाचे कपडे दुसऱ्याच्या अंगावर चढवल्यासारखं वाटलं होतं. मग सवय झाली. खरी नावं विचारायची नाहीत, हाही नियमच होता.

त्या जूनमध्ये थिओ सोलला राहायला गेला आणि त्याच्या खुर्चीत एक नवा मुलगा येऊन बसला. डोक्यावर उभा राहिलेला केसांचा एक झुपका, बोलणं जवळजवळ नाहीच. "थिओ!" अशी हाक मारली की तो मागे वळून पाहायचा, कुणाला बोलावतायत म्हणून. वर्ग हसायचा. रोशीनही हसली होती.

तो दिवस सकाळपासूनच तापला होता. बसमधून मुलांना उतरवून घेणारी मावशी आजारी होती, म्हणून ड्रायव्हर मा काकांनी एकट्यानंच सगळी पोरं दारात सोडली आणि बस घेऊन गेले. वर्ग भरला, थिओची खुर्ची रिकामीच राहिली. आयव्ही आपल्या जागी बसेना. दप्तर पाठीवर तसंच, ती रोशीनच्या झग्याला धरून उभी राहिली.

"टीचर, दानू झोपलाय," ती कोरियनमध्ये म्हणाली.

रोशीनला ते स्वच्छ समजलं. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "इंग्लिश, आयव्ही."

आयव्हीनं खूप शोधलं. "दानू... स्लीप."

"गुड!" रोशीन म्हणाली. दानू म्हणजे हिचा धाकटा भाऊ असणार, सुखी जीव, घरी झोपलाय, असं तिला वाटलं. तिनं मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढलं.

तरी ती खुर्ची तिला खुपत राहिली. तिनं खाली ऑफिसात फोन लावला. तिथली ग्युरी आठवडाभराची रजा संपवून त्याच दिवशी कामावर आली होती. रोशीनला ती ओन्नी म्हणायची, म्हणजे ताई.

"थिओ आला नाही का गं?"

"थिओ? अहो ओन्नी, तो गेला ना शाळा सोडून! त्याची आई मला सांगून गेली की."

ग्युरी बोलत होती जुन्या थिओबद्दल. नवा थिओ तिनं पाहिलेलाच नव्हता. आणि रोशीनला वाटलं, नवाही गेला. पहिल्याच आठवड्यात पळ काढणारी पोरं काही कमी नव्हती. तिनं फोन ठेवला, पण मन काही स्वस्थ बसेना. खिडकीबाहेर समोरच्या पत्र्याच्या छपरावरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. तिनं पडदा ओढून घेतला.

खाऊच्या वेळी आयव्ही पुन्हा आली. या वेळी तिचा आवाज चढला. "टीचर, दानूला उठवा ना! तो तिकडे एकटाच..."

रोशीननं कॅमेऱ्याकडे पाहिलं. आयव्हीची आई खालीच बसली होती. वाक्य पूर्ण व्हायच्या आत रोशीननं बोट ओठांवर नेलं आणि आयव्हीच्या नावासमोरचा एक तारा काढला. मुलीनं ओठ इतके घट्ट मिटले की ते पांढरे पडले. भाताच्या लाडवाला तिनं हातही लावला नाही.

खाऊनंतर नवा धडा. रोशीननं झाकणाच्या खोक्यात चेंडू टाकला, झाकण लावलं.

"व्हेअर इज द बॉल?"

"द बॉल इज इन द बॉक्स!" वर्ग ओरडला.

कापडी बेडूक कपात गेला, पेन्सिल दप्तरात गेली. मुलं रंगात आली. आयव्हीचं तोंड तेवढं बंद. ती खोक्याच्या त्या झाकणाकडे टक लावून पाहत होती, आणि हळूहळू तिचे ओठ हलायला लागले, आवाज न करता, पुन्हा पुन्हा. मग तिनं हात वर केला. दुसऱ्या हाताचं बोट रिकाम्या खुर्चीवरच्या नावाकडे होतं.

"टीचर. थिओ इज इन द बस."

"व्हेरी गुड, आयव्ही!" सवयीनं रोशीनच्या तोंडून निघून गेलं. काढलेला तारा परत लावायला ती फळ्याकडे वळलीसुद्धा. हात तिथेच थांबला. दानू. झोपलाय. एकटाच.

ती वर्गातल्या सपातांवरच जिना उतरली. "ओन्नी, बूट!" ग्युरी मागून ओरडली. आयांनी पडद्यावरून माना वळवल्या.

बस मासळीच्या लिलावघरामागे उभी असायची, भर उन्हात. शेवटच्या सीटजवळ एक घंटा होती. बस थांबली की ती वाजायला लागायची आणि तिथवर चालत जाऊन दाबल्याशिवाय थांबायची नाही. जाता जाता ड्रायव्हरनं सगळ्या सीटा बघाव्यात, एवढाच त्या घंटेचा हेतू. मा काकांचे गुडघे गेले होते. ते मागचं दार उघडून बाहेरूनच हात घालून ती दाबायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. रोशीनलाही.

पत्र्याला हात लागला तसा पोळला. पोरगा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर आडवा पडलेला, चेहरा लालभडक, केसांचा झुपका घामानं कपाळाला चिकटलेला.

"थिओ!" ती काचेवर मुठी आपटत ओरडली. "थिओ! थिओ!"

तो हलला नाही. आणि तिला कळलं की हे त्याचं नावच नाही. कुणीतरी दुसऱ्यालाच बोलावतंय, असंच त्याला वाटत असणार.

"दानू!" ती कोरियनमध्ये किंचाळली. "ए दानू, डोळे उघड रे राजा! दानू!"

एका डोळ्याची पापणी थरथरली.

समोरच्या नूडलच्या दुकानातून मा काका तोंड पुसत बाहेर आले. "काय झालं टीचर, एवढं?" मग त्यांनी काचेतून पाहिलं. किल्ली भोकात जाईना, तेव्हा रोशीननं ती त्यांच्या हातातून हिसकावून घेतली.

"मुलाचं नाव?" रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं.

"दानू."

"आडनाव काय? वय?"

मा काकांनी रोशीनकडे पाहिलं, रोशीननं धावत आलेल्या ग्युरीकडे. कुणालाच सांगता आलं नाही. रुग्णवाहिका नुसत्या दानूला घेऊन गेली.

तो वाचला. बरेच दिवस इस्पितळात होता, मग त्याच्या आईनं त्याला तिच्या माहेरी नेलं. हाक मारली तर तो आता मागे वळून पाहत नाही, पुढेही पाहत नाही, असं ग्युरीच्या कानावर आलं. मा काकांवर खटला भरला गेला. प्यो बाई आयांसमोर कमरेत वाकून माफी मागत राहिल्या, आणि आयांनी ती दिली. "पण आमच्या आयव्हीचं वाक्य किती अचूक होतं, नाही?" आयव्हीची आई जिन्यात म्हणाली. रोशीनला त्या बाईच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "हो," ती म्हणाली.

आयव्ही त्यानंतर वर्गात फार छान बोलायची. एकही शब्द कोरियन नाही. तिच्या नावासमोर ताऱ्यांना जागा उरली नव्हती.

उन्हाळा सरता सरता प्यो बाई एका मुलाला हाताला धरून वर आल्या. खुर्चीवरचं नाव पुसलेलं नव्हतंच.

"टीचर, हा थिओ."

मुलानं मागे वळून पाहिलं.

रोशीन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. बाई अजून दारात होत्या. खाली पडद्यासमोर आया होत्या. तिनं मुलाचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कोरियनमध्ये विचारलं, "घरी तुला काय म्हणतात रे, बाळा?"

मुलगा उत्तर द्यायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात आयव्ही खुर्चीवरून उठली, दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि तिनं आपलं बोट रोशीनच्या ओठांवर ठेवलं.