पट्ट्यांमागची भिंत

कोरेगावहून बदली होऊन मी सांगलीच्या शाळेत आले तेव्हा माझी कुणाशीच ओळख नव्हती. शिक्षकांच्या खोलीत शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात आपल्या घराचा खालचा मजला मला राहायला दिला. त्या वर राहायच्या. मी त्यांना ताई म्हणू लागले. पूर ओसरून काही महिनेच झाले होते, म्हणून घरात पाणी आलं होतं का, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, "पाणी पार कोपऱ्यावर थांबलं बघ. आपल्या दारात न्हाई आलं." घराला नवा रंग होता. झोपायच्या खोलीत भिंतींना खालपासून वरपर्यंत प्लास्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या ठोकलेल्या. मला ते फार नीटनेटकं वाटलं.

दोन महिन्यांत शिंका सुरू झाल्या. मग डोळ्यांना खाज, मग छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. शाळेत दुपारपर्यंत बरं वाटायचं, घरी आलं की पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी आहे. धूर, धूळ नाहीतर ओलीची बुरशी, काहीतरी श्वासातून आत जातंय. घरात ओल आहे का, विचारा.

मी ताईंना विचारलं. "ओल कुठली गं? तुझ्या त्या उदाचा धूर बाधत असंल."

दर गुरुवारी संध्याकाळी ऊद जाळायची सवय मला आईकडून आली होती. ती मी बंद केली. गाद्या गच्चीवर वाळवल्या, कापसाची उशी टाकून दिली. आई भेटायला आली तर म्हणाली, "उदाचा वास न्हाई, आपलं घर वाटतच न्हाई हे." मी तिची समजूत घातली. खोकला होता तसाच राहिला. ताई मात्र रोज सकाळी आल्याचा काढा घेऊन खाली यायच्या आणि माझा पिऊन होईपर्यंत शेजारी बसायच्या. सख्खी बहीणही एवढं करणार नाही, असं मी आईला फोनवर सांगायचे.

एका रविवारी पलंगामागचं बटण जळालं. वायर बघायला वायरमननं एक पट्टी उचकटली. मागची भिंत काळीहिरवी झाली होती, तिच्यावर बुरशीची लव होती. त्यानं हात लावताच भुकटी उडाली आणि मला ठसका लागला.

"आवं, पाणी खिडकीपत्तूर हुतं हितं," तो म्हणाला. "मीच बोर्ड बदलला तवा. भिंत वाळू द्या, मग पट्ट्या मारा, असं ताईंना म्हनलं हुतं."

मी वर गेले. ताई मेथी निवडत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "सांगितलं असतं तर राहिली असतीस का?"

"नसते राहिले."

"मग? आन् काढा दिला की रोज."

भिंत बघून लागलं नव्हतं एवढं ते मला लागलं. सगळं माहीत असून ही बाई रोज माझ्यासमोर बसून मला खोकताना बघत होती.

आठवड्याभरात मी विश्रामबागेकडे दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. हळूहळू शिट्टी थांबली. डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप अजून पर्समध्ये असतो. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात त्या दिवसांत लागतो. शाळेत ताईंनी माझ्याबद्दल सांगितलं, "तिला आमची जागा पसंत पडली न्हाई." सगळ्यांनी ते मानलं.

पुढं कळलं, खाली नवं जोडपं आलंय, तान्हं बाळ आहे. ताई घरी नसताना मी गेले. बाळाच्या आईनं, त्या तरुण मुलीनं, आदरानं बसायला दिलं. मी पट्ट्यांचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई बोलल्या होत्या मला," ती म्हणाली, "तुमचं भांडण झालंय, तुम्ही येऊन असं काहीतरी सांगाल म्हणून."

एक पट्टी काढून बघ, एवढंच मी म्हणाले. ती हसली आणि चहा ठेवायला उठली. मी चहा घेतला नाही.