विरजण मागून पाहिलेलं शहर

आई मंगळवारी गेली. शेजारच्यांनी दार वाजवलं. ते उघडलं नाही. मला फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात पुस्तकं लावत होते. दुपारच्या एसटीने मी पुण्याहून शिरूर कासारला निघाले.

एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — नातेवाइकांना नाही, मैत्रिणीला नाही, आणि ज्या बाईला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती समोर येऊन बसली होती, तरी नाही. आज लिहायला बसले आहे. हळूहळूच लिहावं लागेल. घाईने लिहिलं तर मी पुन्हा काहीतरी बरं दिसेल असं लिहीन — मला ती सवय आहे.

आमचं गाव शिरूर कासारच्या जवळचं. दिवाळी सरली की निम्मी घरं कुलूप लावून ऊस तोडायला निघतात. आमचंही निघायचं. मी वसतिगृहात जाईपर्यंत आईवडिलांच्या मागे बैलगाडीतून कारखान्याच्या तळावर जात असे. तिथे उतरलं की वडील कोपीसाठी, म्हणजे पाचटाच्या झोपडीसाठी, बांबू रोवायच्या तयारीला लागायचे, आणि आई त्यांना थांबवायची. “थांबा वाईच. शेजार बघून येते.” मग हातात खापराचा तुकडा घेऊन ती अनोळखी कोप्यांच्या रांगेतून चालत जायची आणि चुलीसाठी विस्तू मागायची. कुणी म्हणायचं, कुठल्या तुम्ही? कुणी म्हणायचं, कुणाच्या टोळीतल्या? आणि एखादी बाई काहीच न विचारता चुलीतला निखारा काढून खापरावर ठेवायची. तिच्या शेजारी आमची कोपी उभी राहायची. आईचा नियम एवढाच — आधी देतं आणि मग इचारतं, ते माणूस शेजाराचं.

वडील गेले तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मला पुण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी लागली. काही वर्षं मी मुलींबरोबर खोली घेऊन राहिले. आई गावी एकटी. तिचे गुडघे गेले होते, ऊस सुटला होता. मग ठरलं की पुण्यात घर बघायचं आणि दोघींनी एकत्र राहायचं. तिने एकटं राहू नये — प्रश्न एवढाच होता. बाकी सगळं त्यानंतरचं.

ती हिवाळ्यात आली. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि एक रिकामा, झाकणाचा छोटा स्टीलचा डबा.

“हा कशाला?” मी विचारलं.

“शेजार बघायला. तुमच्या शहरात विस्तू कुठला? म्हनलं विरजण मागावं.”

मी हसले. तुम्हीही हसाल. पण त्या दिवसांची आठवण येते तेव्हा मला वाटतं, ते शहर मी जागेपणी पाहिलेलंच नाही. इतकी वर्षं पुण्यात राहून मला तीन रस्ते माहीत होते. आईच्या मागून चालताना ते शहर आतून उघडत गेलं. ऊन मऊ होतं. कुठेतरी कुणी पेटीचा रियाज करत होतं, तो सूर आमच्याबरोबर दोन गल्ल्या चालत यायचा आणि मग मागे राहायचा. बुचाच्या झाडाखाली पांढरी फुलं पडलेली. आई ती ओलांडून जायची, तुडवायची नाही. पदराखाली डबा. एखादं दार तिला आवडायचं — का, ते ती सांगत नसे — आणि ती बेल वाजवायची.

एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, “कुणाकडे जायचंय?”

“कुनाकडं बी,” आई म्हणाली. “जिच्याकडं दही आसंल तिच्याकडं.”

तो बिचारा वहीत काय लिहावं या विचारात पडला. आत सोडलं त्याने, तेही बहुधा गोंधळून. वर एकीने जाळीच्या दारातूनच सांगितलं, आम्ही विकतचं आणतो. एका तरुण मुलीने फ्रिजमधून दह्याचं न फोडलेलं पाकीट आणून आईच्या हातात ठेवलं. आईने तिच्या गालावरून हात फिरवून ते परत दिलं. खाली आल्यावर मला म्हणाली, “पोरगी लई गुणाची हाय. पर तिच्याजवळ दुकान हाय, शेजार न्हाई.”

ती सोसायटी मला आवडली होती. चौथ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने होता. खिडकीतून टेकडी दिसत होती. शांतता होती — पुस्तकांच्या कपाटांमध्ये असते तशी. मला तिथे कुणी ओळखत नव्हतं. हे शेवटचं वाक्य मी तेव्हा मनातसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कालव्याकडेच्या एका गल्लीत शिरलो. बैठी घरं, काहींवर मजला चढवलेला, दारात तुळस, रिक्षा, वाळत घातलेल्या कुरडयांची चाळण. आईने एका दारावर थाप मारली. पीठ लागलेल्या हातांची एक बाई बाहेर आली. आईने डबा पुढे केला. बाईने तो घेतला, आत गेली, आणि दह्याचा चांगला मोठा गोळा घालून घेऊन आली. झाकण लावून झाल्यावर मग म्हणाली —

“कुठल्या गं तुमी?”

“शिरूरकडल्या.”

“आगं बया!” बाईने आईकडे निरखून पाहिलं. “कौसाक्का न्हवं तू? आमची कोपी तुज्या कोपीला लागून नव्हती का एका सालाला?”

त्या दोघी तिथे उंबऱ्यावरच बसल्या. एकमेकींचे हात धरून. शकुमावशी — तिचं नाव शकुंतला, पण सगळी गल्ली तिला शकुमावशीच म्हणायची — ऊसतोड सोडून केव्हाच इथे आली होती. आधी दुसऱ्यांच्या भाकरी थापल्या, मग स्वतःची खानावळ काढली, वर दोन खोल्या चढवल्या. त्या रिकाम्या होत्या.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. “आन् ही का ती? उसाच्या वाढ्याच्या भाऱ्यावर झोपायची ती? आगं, हिला एकदा मोळीसंगं ट्रकात चढवत हुते गडी, झोपेत! हिच्या आयनं आरडून सारा तळ जागा केला!”

गल्ली हसली. खानावळीत डबे न्यायला आलेली मुलं हसली. कुणाच्याही हसण्यात वाईट नव्हतं — हे मला तेव्हाही कळत होतं. आणि त्या मुलांतल्या एकीने मला ओळखलं. “मॅडम, तुम्ही?” ती आमच्या महाविद्यालयातली होती. रोज माझ्याकडून पुस्तकं न्यायची.

मी तिथे काय केलं? हसले. म्हणाले, हो, मीच ती. वर जाऊन खोल्याही पाहिल्या. लहान गच्ची होती, कालव्यावरचं वारं येत होतं, आणि खालून ज्वारीच्या भाकरीचा वास. आई गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती. “झालं,” ती म्हणाली. “बघून झालं शहर.”

मी महाविद्यालयात सांगत असे की माझे आईवडील शेती करतात. खोटं नव्हतं ते. दोन एकर कोरडवाहू होतीच. पण वर्षातला अर्धा काळ मी त्या वाक्यातून गाळून टाकला होता. आता त्या गल्लीत राहायचं म्हणजे रोज कुणीतरी तो अर्धा काळ मोठ्याने, प्रेमाने, हसत सांगणार. मला ते सोसलं नसतं. मी इतकी पुस्तकं वाचली आहेत — माणसाने आपल्या मुळांविषयी काय वाटून घ्यावं, यावरची कितीतरी. त्यातलं एकही त्या गच्चीवर माझ्याबरोबर नव्हतं.

आई डबा ओल्या फडक्यात गुंडाळून गावी गेली. घर आवरून, शेळी कुणाला तरी देऊन ती येणार होती. मावशीचा नंबर माझ्याकडे होता, आईकडे नव्हता.

आता ते लिहिते.

मी आईला फोन केला आणि म्हणाले — मावशी नको म्हणतायत. त्यांचं म्हणणं, ऊसतोडीची माणसं वर ठेवली तर खानावळीत येणारी पोरं नाकं मुरडतील.

असंच म्हणाले. शब्द निवडून. खोली दुसऱ्याला दिली एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, नाही का? पण मग आई म्हणाली असती, त्याच गल्लीत दुसरी बघ. मला ती गल्लीच बंद करायची होती. आणि काय ऐकल्यावर आई पुन्हा तोंड उघडणार नाही, हे तिच्या पोटच्या मुलीशिवाय कुणाला ठाऊक असणार?

फोनवर तिच्या मागे शेळी ओरडत होती. मग आई म्हणाली, “शकी म्हनली आसं?”

“हो.”

“बरं.” आणि फोन ठेवता ठेवता, “तिला बी पोट हाय.”

मावशीला मी सांगितलं, आईला शहर मानवत नाही. ती हळहळली. मी चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. आई दोनदा येऊन राहिली. दिवसभर खिडकीशी बसायची. डबा आणलेला असायचा. त्यातलं विरजण घालून माझ्याकडे दही लावायची. शेजारी दोन दारं होती, दोन्ही बंद. तिने ती कधी वाजवली नाहीत. शकुमावशीने नाही म्हटलं असं मी सांगितल्यापासून ती कुणाच्याच दारात डबा घेऊन गेली नाही — गावातसुद्धा. हे मला गावच्या शेजारच्या काकूंनी आई गेल्यावर सांगितलं. “साखर बी मागत नव्हती गं अलीकडं,” त्या म्हणाल्या. “काय झालतं तिला, कुनास ठावं.”

दुसऱ्या खेपेला ती आठवड्यातच गावी परतली. तिथे ती एकटी राहिली. एकटीच गेली.

पण मावशीने दिलेलं ते दही तिने मोडू दिलं नाही. रोज लावायची. इतकी वर्षं. त्या बाईने आपल्याला नाकारलं असं मनात धरून, त्याच बाईच्या हातचं विरजण रोज दुधात सोडायचं — याला काय म्हणतात? मला शब्द सापडत नाही, आणि हवं ते शोधून देणं हेच माझं काम आहे.

दहाव्याला शकुमावशी आली. तिकडच्या कुणाकडून तिला कळलं होतं. पिठलं-भाकरी बांधून आणली होती. मला जवळ घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर तो डबा होता. काकू रोज त्यात दूध घालत होत्या — घरातलं दही मोडू नये म्हणून.

“ह्यो त्योच डबा का?” मावशीने विचारलं.

“हो. तुमचंच विरजण आहे.”

तिने बोटाने चाटून पाहिलं. डोळे पुसले. “माजं तर कवाच मोडलं गं. दे थोडं.” मी वाटीत काढून दिलं. ती वाटी हातात धरून म्हणाली, “सुमे, कौसाक्काला माज्याकडं यावं असं कंदीच वाटलं न्हाई का?”

तेव्हा सांगता आलं असतं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, ती वाट बघत होती.

मी म्हणाले, “नाही, मावशी. तिला शहर मानवायचं नाही.”

तिने मान हलवली आणि वाटीवर पदर झाकला.

गावच्या घराला आता कुलूप आहे. कालव्याकडेच्या त्या दोन खोल्यांत दुसरं कुटुंब राहतं. डबा माझ्याकडे आहे. मी रोज दही लावते.