मजुरणीचा आवाज, राणीचा आवाज

स्पर्धेच्या आयोजकाने पाठवलेल्या आवाजाच्या फाइली पहिल्याच क्लिकला वाजल्या, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आईचा आवाज वाजावा म्हणून मी आठवडाभर झटत होते आणि पडद्यावर शुकशुकाट होता. त्या परक्या, गुळगुळीत आवाजातलं "आज्ञा असावी" मात्र कसं खणखणीत आलं. मी त्या फाइली तिथल्या तिथे काढून टाकल्या.

मी धुळ्यात राहते, एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी करते आणि उरलेल्या वेळात एका जुन्या स्ट्रॅटेजी गेमसाठी मॅप बनवते. गेमसोबत एडिटर येतो. त्यात नद्या, डोंगर, गावं आपली आपण मांडायची आणि मग त्यावर लढाई खेळायची. माझ्या मॅपवर लळिंगचा किल्ला होता, पांझरा नदी होती, कपाशीची शेतं होती. किल्ल्यात एक राणी होती आणि शेतात राबणाऱ्या मजुरणी. मजुरणीवर क्लिक केलं की ती एक वाक्य बोलते, सारखं सारखं क्लिक केलं की चिडते. मूळ गेममध्ये हे सगळं इंग्रजीत आहे. माझ्या बायांनी अहिराणीत बोलावं आणि तेही माझ्या आईच्या आवाजात, एवढंच मला हवं होतं.

हा मॅप मला मराठी मॅपांच्या एका ऑनलाइन स्पर्धेत पाठवायचा होता. आवाज वाजत नाही म्हणून ग्रुपवर विचारलं, तर आयोजकाने इलाज सांगायचा सोडून उपदेश केला. "प्रमाण मराठीत घ्या ना ताई. गावंढळ भाषेने खेळाचा मूड जातो. लोक हसतात." आणि वर कुणा बाईकडून बोलून घेतलेल्या त्या तयार फाइली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मूळ गेममधले मजूर काय राजवाड्यातलं इंग्रजी बोलतात? चांगलं रांगडं, खेडवळ बोलतात, आणि हीच मंडळी कौतुकाने त्यांच्या नकला करतात. साहेबाचं खेडं गोड आणि आमचं तेवढं गावंढळ. नाकाने कांदे सोलायचे ते आपल्याच माणसांपुढे. मी ठरवलं, जाईल तर आईचाच आवाज जाईल, नाहीतर मॅप जाणार नाही.

आवाज बदलायची रीत तशी सोपी. आपली फाइल एडिटरमध्ये घ्यायची आणि तिला जुन्या आवाजाचाच पत्ता द्यायचा, म्हणजे गेम जुन्याऐवजी आपली फाइल उचलतो. मी कामावर असताना आईने मला व्हॉइस नोट पाठवल्या होत्या. आईचाच आवाज, त्यात ऐकायचं काय, म्हणून मी त्या न ऐकताच चढवल्या. आधी इंग्रजीच वाजत राहिलं, कारण एडिटरने आपल्या मनाने पत्त्यापुढे स्वतःच्या फोल्डरचं नाव चिकटवलं होतं. ते काढलं तेव्हापासून नुसती शांतता. काय चुकलं ते गेम सांगत नाही, गप्प बसतो. पत्ता बरोबर आहे हे आयोजकाच्या फाइलींनी दाखवलंच होतं, पण त्याच्या मेहरबानीवर निदान करणं मला पटेना. मी सरळ लॅपटॉपवर आमच्या कुकरची शिट्टी रेकॉर्ड केली आणि ती त्या जागी लावली.

मजुरणीवर क्लिक केलं. तिने कडक शिट्टी मारली. आई देवघरातून उठून गॅस बंद करायला धावली, आणि कुकर गार पाहून माझ्याकडे बघत राहिली.

म्हणजे खोट माझ्या फाइलींतच होती. व्हॉइस नोटच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून मी ती गेमला चालणारी फाइल समजत होते. पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलत नाही. लॅबमध्ये मुलांना मीच हे शिकवते. मी फाइली रीतसर बदलून घेतल्या, पुन्हा चढवल्या, आणि मजुरणी बोलली.

"हो, येत आहे. काम सुरू आहे."

आवाज आईचाच होता. बोली मात्र तिची नव्हती. वडिलांच्या नोकरीपायी दोंडाईच्याजवळच्या खेड्यातून ती इथल्या सरकारी कॉलनीत आली, तेव्हा शेजारणी तिच्या 'आहे'ऐवजीच्या 'शे'ला तोंडावर पदर धरून हसायच्या. तेव्हापासून दारात कुणी आलं की आई अशी सरकारी बोलते. मोबाइलचा माइकही तिला दारातला पाहुणाच वाटला. मला त्या शेजारणींचा इतक्या वर्षांनी राग आला, आणि थोडं रडूही आलं.

रविवारी संध्याकाळपर्यंत मॅप पाठवायचा होता. सकाळी आई कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होती, तिथेच मी लॅपटॉप नेऊन ठेवला. "आई, मावशीशी बोलतेस तसं बोल."

"ते घरातलं बोलणं आहे. लोक ऐकतील ना गं," ती शुद्ध मराठीत म्हणाली.

तिने परत "येत आहे" म्हटलं. मी म्हटलं, परत. तिने "येते हो" म्हटलं. मी म्हटलं, आई, परत. पुन्हा तेच. मी हट्टाला पेटले होते. शेवटी तिने परातीत हात आपटला.

"कितला टोची ऱ्हायनी तू माले? येस म्हनीसन सांगं ना! मना हात पिठमा शेतस, दिसस नही का तुले?"

रेकॉर्डर चालूच होता. त्यातलं "येस म्हनीसन सांगं ना", म्हणजे येते म्हणून सांगितलं ना, मी साध्या क्लिकला लावलं आणि सबंध बोलणी चिडायच्या जागेवर. दुपारी मॅप पाठवून दिला. तासाभरात उत्तर आलं की आवाज स्वच्छ वाजतात, पण भाषा बदलल्याशिवाय मॅप स्पर्धेत बसणार नाही. मी लिहिलं, "मग नका बसवू." आणि मॅप सगळ्यांसाठी खुला करून टाकला, ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

आईला हे सांगितलं. ती माझ्या खुर्चीत बसली आणि मजुरणीवर क्लिक करू लागली. एकदा, दोनदा, मग सारखीच. मजुरणी तिच्यावर खेकसली, मना हात पिठमा शेतस. आई दचकली. तिने परत क्लिक केलं.

"लोके हसतीन," ती म्हणाली.

"हसू दे."

मग तिने किल्ल्यातल्या राणीवर क्लिक केलं. राणीचा आवाज मी बदललाच नव्हता, ते कधी माझ्या मनातही आलं नव्हतं. राणी ऐटीत इंग्रजी बोलली. आईने तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मजुरनी आमनी बोली बोलस, मंग रानी कसाले अशी बोलस? तिले काय लाज वाटस?"

आईने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि माइक कुठे आहे ते विचारलं.

"तिना आवाज बी मीच काढसू. कर चालू."