कमानियाखालून सरांना नेताना

२०११ साल, माझं वय अडुसष्ट. ओमतीच्या स्टँडवर ऑटो पुसून राहिलो होतो, तेवढ्यात वानखेडे सरांच्या सुनेचा फोन आला. "काका... बाबा गेले." मी तरी फडकं मारतच राहिलो. काच कधीचीच लख्ख झाली होती.

सर नेपियर टाउनात इंग्रजीची शिकवणी घेत. कमानिया गेट म्हणजे रस्त्यावरची मोठी कमान, तिच्याजवळच्या घरून रोज सकाळी मीच त्यांना न्यायचो, दुपारी आणून सोडायचो. काचबिंदूनं डोळे गेले, तरी त्यांनी शिकवणी सोडली नाही अन् मी त्यांना. निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये ही आपल्या लोकांची रीत. सर ती पाळायचे. ऑटो सुरू झाला की मागून विचारायचे, "कसं?" म्हणजे मी रस्ता सांगायचा, तोही इंग्रजीत.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. मला एकच यायचं, 'टू'. टू ओमती, टू पोलीस ठाणं, टू कमानिया. सर हसायचे. "नामदेवराव, तुमच्या टूनं मी जिथं तिथं दारातच उभा राहतो हो. बाजूनं न्या, आतून न्या... काही तरी दिसू द्या मला!"

"काहून? रोज पोहोचता ना?"

त्यांच्या बाकावरचं पोरगं व्हायची मला हौस नव्हती. पण गाडी चालवता चालवता ते तोंडात बसत गेलं. ठाण्याच्या बाजूनं, पास्ट. नाल्यावरून, ओव्हर. गल्लीत शिरताना, इनटू. अन् कमानीखालून... थ्रू. ते ऐकलं की सर काळा चष्मा काढायचे. सावलीचा गार पट्टा चेहऱ्यावरून सरकायचा, तेव्हा त्यांना अख्खी कमान दिसायची म्हणे, वरच्या कबुतरांसकट. मला तिथं कधी कबुतरं दिसली नव्हती.

शेवटची खेप दसऱ्याच्या गर्दीतली. सर फार थकले होते. शिकवणी बंद करून परतत होते. आता घराबाहेर पडायचं नाही, असं मुलानं ठरवलं होतं. कमानियात गर्दी अडकलेली. शिपाई ओरडला, "काका, पीछे से घुमा लो!"

"घुमवा, नामदेवराव," सर म्हणाले. "तोंडानं फक्त थ्रू म्हणा. मी पाहतो बरोबर."

"म्हणजे खोटं बोलू? जमायचं नाही."

इंजिन बंद केलं, उतरलो. "भैया, मास्टरजी हैं, निकलने दो," म्हणत ऑटो ढकलत नेला. लोक शिव्या देत होते. "थ्रू, सर... अजून थ्रू..." सावली आली. सरांनी चष्मा काढून हात बाहेर धरला.

"मोठी आहे हो," म्हणाले. "हळू न्या."

त्यानंतर ते माझ्या ऑटोत बसले नाहीत.

फोन आला त्याच दिवशी ग्वारीघाटावर सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवणीच्या वेळेला मी ऑटो काढला. मागची सीट रिकामी, पण कान मागेच. कोणी 'कसं?' म्हणेना. कमानीखाली गाडी थांबवली, माझा चष्मा काढून पुसला अन् मान वर केली. मागून हॉर्न वाजायला लागले. "अरे चाचा, आगे बढ़ो!"

वर कबुतरं होती.

"थ्रू, सर," म्हटलं, अन् हळू गाडी सोडली.